वगळलेल्या चार ओळी

दोनातो लोपार्को कुठलीही नवी गाडी चालवून बघण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायचा आणि मग खिशातून शिंप्याची टेप काढायचा. इटलीतल्या तोरीनोत मोटारींवर लिहिणारे पैशाला पासरी. कुणाला वेगाचं वेड, कुणाला इंजिनाच्या आवाजाचं. दोनातोचं म्हणणं साधं होतं. माणूस आयुष्यात तीन-चारदाच गाडी घेतो आणि तिच्यात त्याला बायको, पोरं, सासू आणि बटाट्याचं पोतं एकदम बसवायचं असतं. तेवढं जमतंय का, हे कुणीतरी त्याला आधी सांगायला हवं.

त्याचा बाप दक्षिणेतून, पुलियाहून, कारखान्यात मजूर म्हणून आला आणि एकतीस वर्षं गाड्यांना दारं बसवत राहिला. दोनातो एका मोटारींच्या मासिकात मुद्रितं तपासायला लागला आणि हळूहळू स्वतःच लिहू लागला. सत्तावीस वर्षांत त्याच्या नावाला वजन आलं. गाडी घ्यायचा विषय निघाला की लोक विचारायचे, "लोपार्को काय म्हणतो?"

त्या मार्चमध्ये त्याच्याकडे एका परदेशी कंपनीची गाडी आली. आकाराने छोटी, थाट श्रीमंती, आणि जाहिरातीत शब्द 'कुटुंबासाठी'. आतलं कातडं लोण्यासारखं मऊ, दार लागलं की बाहेरचं जग मिटल्यासारखं वाटे. दोनातोला गाडी मनापासून आवडली आणि तसं त्याने लिहिलंही. पण सीट फार खाली होती आणि दाराचा उंबरठा वर आलेला. आदल्या वर्षी त्याच्या आईच्या, फिलोमेनाच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला आठवून तो पुढे दहा वेळा, मागे दहा वेळा बसला-उठला. दर खेपेला त्याला दाराला हात लावावा लागला. त्याने चार ओळी लिहिल्या: घरात म्हातारं माणूस असेल, कुणाचे गुडघे-कंबर धड नसतील, तर ही गाडी घेऊ नका. बसता येईल, उठता येणार नाही.

संपादक लुक्रेत्सियाने त्याला खोलीत बोलावलं. कंपनीने जाहिरातीसाठी वर्षभराचं मागचं पान घेतलं होतं, हे तिने सांगितलं नाही आणि त्याला ते ठाऊक होतं.

"सगळा लेख राहू दे," ती म्हणाली. "फक्त या चार ओळी."

"लेखात कामाच्या त्याच आहेत."

"अरे, आपले वाचक चाळिशीतले. त्यांना कुठून आले गुडघे?"

दोनातो हसला. पुढे त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हे हसणं. हिवाळ्यात मासिकातल्या दोघांना कामावरून काढून घरी बसवलं होतं आणि त्याच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. "काढ," तो म्हणाला.

त्याची बहीण इम्मा आणि तिचा नवरा सावेरियो गाडी बघताहेत हे त्याला माहीत होतं. फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण फोन करायचा म्हणजे ओळी का गेल्या तेही सांगावं लागणार. घेण्याआधी विचारतीलच, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. त्याला विचारल्याशिवाय त्यांनी कधी फ्रीजसुद्धा घेतला नव्हता. या वेळी मात्र त्यांनी विचार केला, त्याचं छापूनच आलंय, आता काय विचारायचं. त्याला चकित करू.

मे महिन्यातल्या एका रविवारी अकराला खाली हॉर्न वाजला. सावेरियो बुटांना पॉलिश करून आला होता. आई पुढच्या सीटवर, हात कातड्यावर फिरवत, खूश. जेवायला टेकडीवरच्या खाणावळीत जायचं ठरलं होतं. दोनातो मागे बसला.

खाणावळीसमोर सावेरियोने दार उघडलं. आईने काठी टेकली, जोर केला, परत खाली बसली. पुन्हा केला. तिसऱ्या वेळी काठी निसटून खडीत पडली. मग दोघांनी तिला काखेत धरून ओढून काढलं. तिचा स्कर्ट वर सरकला होता. गच्चीवर जेवणाऱ्या लोकांनी बघितलं आणि मग न बघितल्यासारखं केलं.

टेबलावर ब्रेड आला. इम्माने पर्समधून मासिकाचं घडी घातलेलं पान काढलं.

"दारं मोठी उघडतात म्हणून लिहिलंस. सीट मऊ म्हणून लिहिलंस. मग हे कसं नाही दिसलं तुला?"

"दिसलं. लिहिलंही होतं."

"कुठाय?"

"काढलं."

"कुणी?" सावेरियोने विचारलं.

लुक्रेत्सियाचं नाव जिभेवर आलं होतं. "मी काढू दिलं," दोनातो म्हणाला.

आई ब्रेडचा तुकडा चावत होती. तो गिळून तिने विचारलं, "कधी रे?"

"मार्चमध्ये."

"आता मे चाललाय. मधे तू माझ्याकडे आठ वेळा जेवून गेलास."

जेवण आलं, उरकलं. आई उंच टॅक्सीतून घरी गेली आणि मग रविवारचं बाहेर जाणं तिने बंदच केलं. दोनातो तिच्याकडे जायचा. ती ताट वाढायची, भाजीवाल्याचं, शेजाऱ्यांचं सांगायची. गाड्यांचं काही विचारायची नाही. पूर्वी मात्र या महिन्यात काय चालवलंस म्हणून दारातच अडवायची.

शरदात सावेरियोने गाडी विकली. जाहिरातीसोबत दोनातोचा लेख जोडला होता आणि गाडी दोन दिवसांत गेली. हे त्याने फोनवर सरळ मनाने सांगितलं, वर म्हणाला, "तुझ्या नावाला अजून किंमत आहे हो." टोमणा असता तर दोनातोला सोसला असता.

मासिकात तो लिहीत राहिला. पत्रं येत राहिली. जवळच्या आस्ती गावातल्या एका बाईने, इतक्या प्रामाणिकपणे लिहिणारा आता कोण उरलाय, असं लिहिलं. लुक्रेत्सियाने ते छापलं.

नाताळाच्या सकाळी तो चर्चबाहेर उभा असताना इम्माची नवी गाडी आली. वापरलेली, उंच, डब्यासारखी, फिकट निळी. कधी घेतली ते त्याला माहीत नव्हतं. दार सरकलं आणि आई कुणाचा हात न धरता उतरली. सीट बरोबर मांडीच्या उंचीवर होती, उंबरठा सपाट. निवड चांगली होती, हे त्याला दहा पावलांवरून कळलं. तो पुढे झाला. इम्माने त्याला नाताळच्या शुभेच्छा दिल्या, गालाला गाल लावला, गाडीला कुलूप घातलं आणि आईला घेऊन आत गेली.