तक्रार राहिलेली नाही

घरासमोर रस्त्याचं काम निघालं की ओल्या दगडी भुकटीचा वास येतो आणि मला नाशिकच्या कोर्टातली ती दुपार आठवते. सातपूरच्या पलीकडे आमचा झेंडूचा मळा होता. वरच्या दगडखाणीतलं पाणी ओढ्यानं येऊन विहिरीत उतरायला लागलं, तसं विहिरीचं पाणी ताकासारखं पांढरट झालं आणि रोपं माना टाकू लागली. वडिलांनी खाणमालकावर दावा लावला. सहा वर्षं तारखांमध्ये गेली, फीपायी दुभती म्हैस गेली, आणि त्या दुपारी आमचे वकील म्हणाले, "पाणी तपासायला आता मुंबईहून तज्ज्ञ आणावा लागेल, त्याचा खर्च तुमचा. हरलात तर खाणवाल्याचा खर्चही तुमच्याच अंगावर येईल." वडील कोर्टाच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "घ्या काढून दावा." टायपिस्टनं लगेच अर्ज टाइप करून दिला. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी तो मोठ्यानं वाचला. शेवटी लिहिलं होतं, 'आमची आता काहीही तक्रार राहिलेली नाही.' वडिलांनी मान वर केली. "तक्रार तर हाय की, साहेब. पाणी आजबी तसंच हाय." वकील खालच्या आवाजात म्हणाले, "असंच लिहावं लागतं, नाना." वडिलांनी अंगठा उठवला. मी नुकतीच अठराची झाले होते, म्हणून साक्षीदाराची सही माझी घेतली. आज विहीर बुजली आहे, मळा गेला आहे, वडीलही नाहीत. कोर्टाच्या दप्तरात तो कागद मात्र असेल, आणि आमची काही तक्रार नव्हती याला साक्ष माझी आहे.