मळणी यंत्राचं तोंड

कडुबा वारला तरी त्याचं मळणी यंत्र गावातल्या बाभळीखाली तसंच उभं होतं. उन्हानं रंग उडालेला, चाकं मातीत रुतलेली, चाळणीच्या कोपऱ्यात साळुंक्यांनी काड्या रचलेल्या. शहर फुलंब्रीच्या रस्त्यानं वाढत वाढत गावाला येऊन भिडलं, आणि बाभळीची ती जागा प्लॉटिंगसाठी विकली गेली. नव्या मालकाचा निरोप आला, होळीच्या आत यंत्र हलवा, भिंत घालायचीय.

कडुबाचा मुलगा बुद्धभूषण वाळूजला कंपनीत कामाला होता. शहरात गारखेड्याला त्याचं घर, आई मनकर्णाबाई त्याच्याजवळच राहायच्या. निरोप आला त्याच दिवशी त्यानं भंगारवाल्याला फोन लावला आणि जेवताना आईला सांगून टाकलं.

मनकर्णाबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "भंगारात नाय द्यायचं."

"माय, आता कोण घेतंय ते? जिकडं तिकडं हार्वेस्टर फिरतंय. एका दुपारी अख्खं शिवार मोकळं होतंय."

"डोंगरातल्या तुकड्यात हार्वेस्टर जातंय व्हय? तिकडं घेईल कुणीतरी. होळीपत्तर मला बघू दे."

बुद्धभूषणला ते यंत्र डोळ्यांसमोरसुद्धा नको होतं. मनकर्णाबाईंच्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच राहिलं होतं. बाकीची बोटं त्या यंत्रानं नेली होती. तेव्हा तो चौथीत होता. शाळेतून आला तर घराला कुलूप, आणि शेजारची बाई त्याला उगाच जवळ घेत होती. घाटीच्या सरकारी दवाखान्यातून आई परत आली ती हाताला पट्ट्यांचं भलंमोठं गाठोडं बांधूनच. कुणीही विचारलं की ती एकच सांगायची, "गव्हाची पेंढी टाकत होते, माझंच ध्यान नव्हतं." इतक्या वर्षांत त्या वाक्यातला एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता.

पण मनकर्णाबाईंना त्या यंत्रात वेगळंही काही दिसायचं. कडुबाचा बाप आणि आजा गावाच्या खळ्यांवर राबले ते खळं झाडायला आणि राखण करायला. धान्याची रास पडली की त्यांनी लांब उभं राहायचं आणि मालक टाकेल ते पदरात घ्यायचं. कडुबानं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरकी केली, पोटाला चिमटा घेतला आणि वापरलेलं का होईना, हे यंत्र आणलं. पहिल्या हंगामात लोक नुसते बघत राहिले. पुढं पावसाची भीती घालत आभाळ भरून यायला लागलं, तेव्हा एकेक जण दारात येऊ लागला. ज्यांनी बौद्धवाड्यात कधी पाय ठेवला नव्हता, ते ओट्यावर बसून चहा घ्यायचे आणि म्हणायचे, "कडुबा, उद्याचा दिवस आम्हाला दे बाबा." खळ्याच्या मधोमध यंत्र लावून तो उभा राहायचा, तोंडाला गमछा, अंगभर भुसा, आणि मालक त्याला विचारून रास हलवायचे.

असं यंत्र गॅसच्या ज्योतीनं तुकडे होताना त्यांना बघवलं नसतं.

सुनेनं फोटो काढून मोबाईलवर टाकले. फोन आले, पण नुसत्या चौकशीचे. कुणी व्हिडिओ पाठवा म्हणायचा आणि परत उचलायचाच नाही. मग मनकर्णाबाई स्वतः रिक्षानं मोंढ्याच्या बाजारात गेल्या. सुट्या भागांच्या दुकानांतून त्या फिरल्या. एक दुकानदार म्हणाला, "मावशी, याचे पट्टेसुद्धा आम्ही ठेवत नाय आता." दुसऱ्यानं मात्र त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, नंबर लिहून घेतला आणि डोंगराकडचं गिऱ्हाईक आलं की सांगतो म्हणाला.

इकडं भंगारवाल्याचे फोन चालूच होते. "अम्मा, लोहा है, रोज जंग खाता है. जितना रुकोगे उतना घटेगा." माणूस वाईट नव्हता. त्याचा तो धंदा होता.

होळी तोंडावर आली आणि सोयगावकडून बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. त्या दुकानदारानंच नंबर दिला होता. त्याची शेती उताराची, बांधाबांधांची. हार्वेस्टर वर चढत नाही आणि मळायला माणसं मिळत नाहीत. रविवारी तो बायकोला, अमृताला, मोटारसायकलवर घेऊन गावात आला. बुद्धभूषणही आईला घेऊन पोचला.

"राम राम, मावशी."

"जयभीम. या."

बद्रीनाथनं आधी यंत्राला फेरी मारली. हातानं ड्रम फिरवून बघितला, बेअरिंगांना तेल दिलं, पट्टा ताणून पाहिला. गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर आणून जोडला. यंत्र दोनदा खोकलं, साळुंक्यांच्या काड्या आणि जुना भुसा उडवत थरथरलं, आणि मग त्याचा तोच जुना आवाज गावभर गेला. दोन-चार म्हातारी माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला.

किंमत उभ्या उभ्याच ठरली. बुद्धभूषणला हायसं वाटलं.

ट्रॅक्टर बंद झाल्यावर अमृता यंत्राच्या तोंडापाशी गेली. "इथून टाकायचं ना? आमचे हे ट्रॅक्टर बघणार, म्हणजे पेंढ्या मीच टाकणार." आणि कसं जमतंय ते बघायला तिनं हात आत घातला. कोपरापर्यंत गेलेला तो हात थेट ड्रमला लागला.

"हात काढ!" मनकर्णाबाई ओरडल्या. सगळे दचकले. "पोरी, हात काढ आधी. हे असं नाय द्यायचं मला."

"काय झालं, मावशी? आत्ता तर ठरलं," बद्रीनाथ म्हणाला.

मनकर्णाबाईंनी आपला उजवा हात पुढं केला. "हे बघा. याच तोंडात गेलाय. इथं पत्र्याची लांब पन्हाळ होती. पेंढी तिच्यात ठेवायची आणि सरकवायची, हात ड्रमपत्तर पोचतच नव्हता. पण तिच्यानं काम सावकाश व्हायचं. लोक रांगेत, प्रत्येकाला घाई. यांनी ती पन्हाळ कापून टाकली."

"बानं कापली?" बुद्धभूषण म्हणाला.

"व्हय. मी नको म्हणलं होतं. आठ दिवसांत माझा हात गेला."

"आणि तू म्हणायचीस तुझं ध्यान नव्हतं."

"मग काय म्हणू? पहिल्यांदा आपल्यातला कुणी खळ्याच्या मध्यात उभा राहिला होता. कापली म्हणून सांगितलं असतं तर गाव काय बोललं असतं? या लोकांच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं, असंच ना?"

"मग नंतर तरी परत का नाय बसवली?"

"बसवली असती तर सगळ्यांना कळलं असतं, का बसवली ते. पुढं त्यांनी मात्र दुसऱ्या कुणाला तोंडापाशी फिरकू दिलं नाय. शेवटपर्यंत स्वतःच टाकत राहिले."

बद्रीनाथ खाली बघत होता. "मावशी, घरी गेल्यावर बघतो की मी. पन्हाळ तिकडंही बसवून घेता येईल."

"घरी गेलं की गहू उभा असतोय. मग ऱ्हाऊन जातंय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बसवून न्यायचं आसंल तर न्या. नायतर जाऊ द्या भंगारात."

बद्रीनाथनं बायकोकडं पाहिलं. अमृता मनकर्णाबाईंच्या हाताकडंच बघत होती. "मी त्याच्याशिवाय टाकणार नाय," ती म्हणाली. बद्रीनाथ कबूल झाला.

हमरस्त्यावर एका वेल्डरचं दुकान होतं. ट्रॅक्टरनं यंत्र ओढत तिथं नेलं. पन्हाळ किती लांब करायची, असं वेल्डरनं विचारल्यावर मनकर्णाबाईंनी अमृताचा हात धरून सरळ केला आणि सांगितलं, "हिच्या खांद्यापत्तर, आणि वर वीतभर." पत्रा कापून जोडेपर्यंत ऊन उतरलं. अमृतानं पुन्हा हात घालून बघितला. बोटं ड्रमच्या खूप अलीकडं राहिली. मग त्याच ट्रॅक्टरमागं यंत्र सोयगावच्या वाटेला लागलं.

बुद्धभूषण वेल्डरच्या दुकानाबाहेर बसला. आई शेजारी येऊन बसली.

"माय, तुला बाचा राग नाय आला कधी?"

"आला की. लई आला. भाकरी थापायला बसले की अजून येतोय." मनकर्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "त्यांना तर स्वतःचाच यायचा. रात्री माझा हात उशाला घेऊन पडायचे, बोलायचे काहीच नाय. मी पण नाय बोलले. आज बोलले बघ."

बुद्धभूषणनं आईचा तो हात आपल्या हातात घेतला. इतक्या वर्षांत त्यानं तो कधी नीट धरला नव्हता. रस्त्यावरून उसाच्या गाड्या जात होत्या, धूळ उडत होती, आणि त्यानं तो हात सोडला नव्हता.