दादांच्या करगोट्यातली किल्ली

नेपाळ हा परदेश आहे हे आमच्याकडे कुणी मानायलाच तयार नव्हतं. विट्याजवळच्या माझ्या सासरच्या गावात बहुतेक घरांतला एखादा तरी माणूस गलाईला बाहेर असतो. कुणी केरळात, कुणी पंजाबात. जुने दागिने घ्यायचे, वितळवायचे आणि शुद्ध सोनं काढून द्यायचं, हा धंदा. त्यात काठमांडू म्हणजे रेल्वे संपल्यावर पुढची एक बस, एवढंच. निघताना माझे डोळे भरून आले, तर सासूबाई म्हणाल्या, "दुबईला चाललीस व्हय गं रडायला?" पासपोर्ट नाही, विमान नाही, मग रडायचीही सोय नाही. मी मुकाट्याने बॅग उचलली.

इथे आले तर नोटा वेगळ्या, सुट्टी शनिवारी, घड्याळसुद्धा पाव तास पुढे. ज्वारीचं पीठ गावाहून येईल तेव्हा भाकरी, एरवी भात. याला परदेश म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुकान दादांचं. दादा म्हणजे माझे थोरले दीर. जाऊबाई गावाकडे शेती आणि सासूबाईंना सांभाळतात, म्हणून इथे दोघा भावांच्या स्वयंपाकपाण्यासाठी मला आणलं. तसं कुणी बोलून दाखवलं नाही, पण मला कळायचं ते कळलं. खाली दुकान, त्याच्या मागे भट्टी, वर आमच्या दोन खोल्या. जिना दुकानाच्या बाजूने थेट रस्त्यावर उतरतो आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार आहे. दोघे भाऊ सकाळी खाली गेले की त्या दाराला बाहेरून कुलूप. किल्ली एकच, दादांच्या कमरेला करगोट्यात बांधलेली.

कुलपाला कारण होतं. दूर कुठल्याशा शहरात आमच्याच भागातल्या एका गलाईवाल्याच्या घरात दिवसाढवळ्या चोर शिरले होते आणि त्याच्या बायकोच्या गळ्याला सुरी लावली होती. तेव्हापासून दादांनी हा नियम केला. कुलूप माझ्याच जिवासाठी आहे म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? शिवाय दादा काही दुष्ट माणूस नाहीत. दारू नाही, शिवी नाही. फक्त माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर ताट वाढत असले तरी ते माझ्या नवऱ्याला म्हणतात, "तिला सांग, आमटी लय झ्याक झालीया." नवरा माझ्याकडे बघतो, जसं काही मी बहिरी आहे, आणि मी मान हलवते.

दुकान बंद झालं की खालची झाडलोट माझ्याकडे. गलाईच्या दुकानातला केर टाकत नाहीत, कारण त्यात सोन्याचे कण असतात. तो डब्यात साठवायचा. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात. पायपुसणी जुनी झाली की जाळायची आणि राख ठेवायची. पुढे सगळं एकदम भट्टीला लागतं आणि त्यातून सोनं निघतं. मला पहिल्यांदा याचं फार कौतुक वाटलं. मग शनिवारी बाजाराला निघाले, तर नवरा म्हणाला, "आधी पाय धुऊन घे, घमेल्यात." माझ्या टाचांच्या भेगांत दुकानाची धूळ होती. मी घमेल्यात उभी राहून पाय धुतले, आणि मग दादांनी दार उघडलं. त्या दिवशी बाजारात मला काही घ्यावंसं वाटलं नाही.

बाकीचे दिवस खिडकीशी. खाली भाजीवाली यायची, तिला मी दोरीने टोपली सोडायचे. ती नेपाळीत बोलायची, मी निम्म्या हिंदीत आणि निम्म्या मराठीत, आणि तरी मुळा जून असल्याची तक्रार दोघींना समजायची. एकदा तिने हाताने खुणावलं, खाली ये की. मी कुलपात किल्ली फिरवल्याची खूण केली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. खूप हसली ती, आणि मीही हसले. मला कुठे पळून जायचं नव्हतं. खाली उतरून मुळा हातात घेऊन बघायचा होता. मला त्या दाराची किल्ली हवी होती, बस.

नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "बघू, दादाला इचारतो." त्याचं हे "बघू" मी लग्नापासून ऐकते आहे. त्यातून आजवर काही निघालेलं नाही.

माझं माहेर कोयनानगर. वडील धरणाच्या कामावर होते, कॉलनीत क्वार्टर होतं. तिथे हादरे बसायचे, आणि त्याचं आम्हाला फारसं काही वाटायचं नाही. मांडणीवरची भांडी किणकिणली की आई गॅस बंद करायची आणि आम्ही अंगणात. सगळी कॉलनी अंगणात. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या तोंडाला साबण. दोन गप्पा व्हायच्या आणि जो तो आत जायचा. लिहायला शिकायच्या आधी आम्ही हे शिकलो होतो, की हललं की बाहेर.

इथे ते दुपारी झालं. मी चहा ठेवला होता. कपाटाचं दार आपोआप उघडलं, मग खिडकीची तावदानं वाजायला लागली. डोकं काही म्हणायच्या आत हाताने गॅस बंद केला होता आणि पाय जिन्यावर होते. कुलपाची आठवण मला जाळीला हात लागल्यावर झाली.

रस्त्यावर सगळी गल्ली उभी होती. समोरच मधोमध दादा आणि माझा नवरा. दादांनी सोन्याची पिशवी पोटाशी धरली होती. गलाईवाल्याचं तेही शिक्षणच आहे, काहीही झालं तरी आधी पिशवी. मी हाक मारली, "आवं, किल्ली!" दादांनी वर इमारतीकडे बघितलं, विजेच्या तारांकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग दादांकडे. जिना माझ्या पायाखाली हलत होता. चार पावलं टाकायची होती त्याला, आणि भावाच्या कमरेला हात घालायचा होता. तो जागचा हलला नाही.

थोड्या वेळाने सगळं थांबलं. लोक हसायला, बोलायला लागले. दादांनी येऊन कुलूप काढलं आणि नवऱ्याला म्हणाले, "घाबरली जणू. पानी दे तिला."

तेवढ्यात आईचा फोन आला. तिने टीव्हीवर पट्टी वाचली होती. "हाय न्हवं गं बरी? भाईर पळालीस न्हवं?"

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. म्हटलं, "व्हय, लगीच आले भाईर. समदी गल्ली भाईर हाय."

"माझी शानी पोर ती," आई म्हणाली, आणि फोन ठेवला. नवरा शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मला त्याचा इतका राग आला की तांब्या घेताना मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी दोघे जेवायला बसले. मी भात वाढला आणि उभीच राहिले. आजवर मी दादांशी आपण होऊन बोलले नव्हते. म्हटलं, "दादा, जाळीची किल्ली मला पायजे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. दादांनी ताटावरची नजर काढली नाही. नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, जेवान हू दे, देतो."

आणि खरंच दिली. हात धुतले, सदरा वर करून करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली काढून त्यांनी माझ्या नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. मी हात पुढे केला. नवऱ्याने किल्लीकडे बघितलं, दादा हात पुसत आतल्या खोलीत जाईपर्यंत थांबला, आणि ती आपल्या खिशात टाकली.

"माझ्याजवळ ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला. "तुला लागंल तवा मला हाक मार. मी काय परका हाय का?"

अजून ती त्याच्याजवळच आहे. मी वरून हाक मारते, तो लगेच येतो, हसून दार उघडतो, कधीही नाही म्हणत नाही. दादांचा राग करणं सोपं होतं.