उजळ न केलेला चेहरा

आई गेली तेव्हा माझ्या फोनमध्ये तिचे शेकडो फोटो होते आणि त्यातल्या एकातही ती नव्हती.

चेहरा आपोआप उजळ करणारी सोय मी फोन घेतल्या दिवसापासून चालू ठेवली होती. आईला ते आवडायचं. लग्नातसुद्धा मी एवढी गोरी नव्हते, असं म्हणून ती हसायची. कॉलेजात असताना गोरेपणाच्या क्रीमविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं होतं, शहागंजच्या बाजारात भर दुपारी उभं राहून वाटलं होतं. आणि घरी रोज आईचा रंग पुसत होते. का, तर ती हसते म्हणून.

मी वाचायला शिकले तेच पत्रकांवर. वडील चळवळीसाठी आयुष्यभर ती लिहीत आले. आपली बाजू खरी असली तरी पत्रकात खोटं जायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी मला शिकवला.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पत्रक काढायचं ठरलं. झेरॉक्सवर निघणार, म्हणजे फोटो काळा-पांढराच. मी एकेका फोटोतला रंग काढून पाहिला. रंग गेल्यावर लबाडी जास्तच उघडी पडली. पिठासारखा सपाट चेहरा, एक सुरकुती नाही, आणि त्यात आईचे डोळे. ते असे पाहायचे, की मी फोन पालथा ठेवायचे.

मग मी पैठणला मावशीकडे गेले. ती आईहून एका वर्षानं धाकटी. तोच रंग, तीच हनुवटी. तिला सांगितलं, काळा-पांढरा फोटो नीट काढायला शिकतेय, जरा बस. ते अर्धंच खरं होतं.

पांढऱ्या भिंतीपुढं तिला बसवलं, तर फोन भिंतीचा उजेड धरायचा आणि चेहऱ्याचा नुसता डाग व्हायचा. चेहरा उजळ करणारी सोय बंद केली. मागं गडद चादर टांगली. दिवा बंद केला. खिडकी तिच्या एका बाजूला येईल अशी खुर्ची फिरवली. पडद्यावर तिच्या गालावर बोट टेकवलं, उजेड थोडा खाली ओढला आणि थांबले. गालाचं हाड वर आलं, कपाळावरच्या रेषा आल्या, नाकाच्या कडेची सावली आली. काळ्यात किती तऱ्हेचे काळे असतात, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

पडद्यात आई बसली होती.

मी पडद्यावरून नजर काढली नाही. मावशीच्या ते लक्षात आलं.

"जित्तेपणीच हार घालायलीस का मला?" ती हसत म्हणाली. मग तिचं हसू गेलं. "बाई, मला काढायलीस का तिला?"

मी बटण दाबलं.

फोन चेहरे ओळखून एका माणसाचे फोटो एकत्र ठेवतो. त्यानं हा फोटो आईच्या फोटोंत टाकला. मला ते कळलं वडिलांमुळे. सकाळी चहा घेताना ते माझा फोन मागून तिचे फोटो बघत बसायचे. त्या दिवशी चहावर साय धरली, तरी त्यांचं बोट पुढं सरकेना.

"हाच छापू," ते म्हणाले. "ही खरी हाय."

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. झेरॉक्सच्या त्या करड्या ठिपक्यांत कुणालाच काही कळलं नसतं, आणि त्यांना बायकोचा चेहरा मिळाला असता.

"ती मावशी आहे," मी म्हणाले.

त्यांनी फोन परत दिला नाही.

"व्हय," शेवटी म्हणाले. "कळलं होतं मला. थोडा वेळ असू दे हातात."

पत्रक फोटोशिवाय निघालं. फोटोच्या जागी मी लिहिलं, 'आमची आई काळी होती. आम्ही तिचे सगळे फोटो गोरे काढले.' वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि छापायला दे म्हणाले.

कार्यक्रमाला मावशी आली, पहिल्या रांगेत बसली. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. वडील तासभर बोलले, आईबद्दल, चळवळीबद्दल, नेहमीसारखे खणखणीत. फक्त त्या बाजूला त्यांनी एकदाही पाहिलं नाही.