टोकन देणारा हात

स्टेशन बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी पॉइंट्समनची पोटदुखी थांबली नव्हती. पोटदुखी म्हणजे त्याचा साडू, बुकिंग क्लार्क. एकतीस वर्षं दोघं एकाच फलाटावर होते. हा उन्हातान्हात रुळांचे सांधे बदलायचा, धडधडत जाणाऱ्या इंजिनाला टोकनची रिंग द्यायचा. साडू पंख्याखाली बसून तिकिटांवर शिक्के मारायचा. तरी सासुरवाडीत 'आमचे स्टेशनवाले जावई' म्हणजे साडूच!

आता स्टेशनाच्या इतिहासाचा फलक लागणार होता आणि माहिती गोळा करणाऱ्या बाई थेट साडूकडे गेल्या होत्या.

"तुम्हीही जा की," बायको म्हणाली.

"न बोलावता? मी काय सिग्नल आहे, दिसेल त्याला हात करायला?"

तरी गेलाच. वेटिंग रूममध्ये साडू रिंगेत दंड अडकवून फोटोसाठी उभा होता. पुढचा रूळ एकेरी, त्यामुळे टोकन मिळाल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे जाता येत नसे. रिंगेत हात घालायचा तो ड्रायव्हरनं; देणाऱ्यानं ती बोटांत सैल धरायची.

"साडूभाऊ, असंच धरायचात ना?" साडूनं विचारलं.

'काढा तो हात!' अगदी ओठांवर आलं होतं. पण पॉइंट्समननं गिळलं. लागू दे फोटो. हसतील सगळे.

"अगदी अस्संच!"

फलक लागला त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला फोटो पाहून ठसकाच लागला. "अरे, हा रिंगेबरोबर पुढच्या स्टेशनात उतरला असता!"

पॉइंट्समनला उकळ्या फुटल्या. तेवढ्यात ड्रायव्हरनं फोटोखालची ओळ वाचली. 'टोकन देण्याची रीत. माहिती: येथील पॉइंट्समन.'

"हे तू सांगितलंस?"

"मीच ती ओळ घालायला लावली," साडू कौतुकानं म्हणाला. "काम यांचं, श्रेय मी कशाला घेऊ?"

सगळे पॉइंट्समनकडे बघू लागले. काम येत नव्हतं म्हणावं, की जळत होतो म्हणावं?

"काम येतं मला," तो शेवटी म्हणाला. "तुमच्यावर जळत होतो, म्हणून खोटं बोललो."

साडू बाईंकडे वळला. "माझा फोटो काढून टाका. यांचा लावा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडूसाठी. त्या दिवशी पॉइंट्समनला घास गिळवेना.