हेमराजभाऊंचा लाल कोट

हेमराजभाऊ वर्षातले आठ महिने हातमागावर बसत आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत. आंधळगावात त्यांना सगळे 'बँडवाला' म्हणत. मीही म्हणायची. आमचं घर कोशाच्या रेशमी साड्यांच्या व्यापाऱ्याचं. माणसाला त्याच्या कामावरून ओळखायची आम्हाला लहानपणापासूनची खोड.

नागपुरात साठ वादकांचा ऑर्केस्ट्रा येणार होता. फिल्मी गाण्यांचा नव्हे. व्हायोलिन, चेलो, बासऱ्यांचा. विणकर-मजुरांची चाळीस शाळकरी पोरं तिथं न्यायची, असं आमच्या महिला मंडळानं ठरवलं. पुढाकार माझा, आणि तो मी गावभर मिरवलाही. पण पोरांना ही वाद्यं समजावणार कोण? भाऊ आपणहून आले. दर शनिवारी शाळा सुटली की फळ्यावर वाद्यं काढायचे, क्लॅरनेट फुंकून दाखवायचे, पोरांच्या हातातही द्यायचे.

"तीस वर्षं फुंकून राहिलो ताई," ते मला म्हणाले, "पण साठ जन एकाच वेळी वाजवतेत तं कसं लागत असन? मले एकदा आयकाचंच हाय." महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

निघायच्या दिवशी भाऊ बसपाशी आले ते बँडचा लाल कोट घालून. खांद्यावर सोनेरी झालर, पितळी बटणं घासून चकचकीत. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी पुढं होऊन हळूच विचारलं,

"भाऊ, हा काहून घातला?"

"वाजवनाऱ्याइकडं चाललो न जी. वर्दीतच जा लागते."

सभागृहाच्या दारात नागपूरचे एक ओळखीचे व्यापारी भेटले. भाऊंकडे बघत त्यांनी मला विचारलं, "वरात कुठे आहे?" मी हसले. हे लिहिताना हात अडतो, पण हसले. मग मीच भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरांचे डबे बसमध्ये आहेत. कोणीतरी थांबायला पाहिजे."

ड्रायव्हर बसमध्येच होता. ते मला माहीत होतं आणि भाऊंनाही. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. "थांबतो जी," एवढंच म्हणाले.

आत दिवे उजळले. मंचावर साठही जण एकसारख्या काळ्या कोटात बसलेले. शेजारी पाचवीतली रिता होती. तिनं माझं मनगट धरलं. "मावशी, यायनं बी वर्दीच घातली! हेमराजकाका कुठं हायत?" मी तिला गप्प केलं. थोड्या वेळानं क्लॅरनेट एकटंच वाजू लागलं आणि आमची आख्खी रांग मागं वळून दाराकडे बघायला लागली. तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. पण लोक बघतील, म्हणून बसून राहिले. दोन तासांतला एक सूर माझ्या कानात शिरला नाही.

बसमध्ये परत आलो तर भाऊ साध्या शर्टात बसले होते. कोट घडी करून पिशवीत ठेवलेला. डबे ओळीनं लावलेले. पोरं त्यांच्यावर तुटून पडली.

"काका, तुमचं वाजं एकटंच वाजलं!"

"कसं वाजलं? म्हनून दाखव."

रिता गुणगुणली. ती चुकली की दुसरा कोणी दुरुस्त करायचा. भाऊंची बोटं गुडघ्यावर फिरत होती. "अजून एकडाव," ते म्हणायचे. गाव येईपर्यंत त्यांनी ऑर्केस्ट्रा असा ऐकला. मी ड्रायव्हरच्या मागं मान खाली घालून बसले होते.

उतरताना 'माझं चुकलं' म्हणायचं ठरवलं होतं. जिभेवर आलं नाही. तेच म्हणाले, "ताई, डबे पाहून घ्या, बराबर हायत." माझी मलाच लाज वाटली. पण लाज वाटून काय उपयोग, बोलले तर नाहीच.

पुढच्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न होतं. वरात आमच्या दाराशी आली. भाऊ त्याच लाल कोटात, सगळ्यांच्या पुढं, क्लॅरनेट वाजवत होते. मी आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात आले. त्यांनी मला पाहिलं आणि वाजवता वाजवताच ते हळूच मागच्या रांगेत सरकले.