ताटासकट

इथं आखातात, अब्बासियातल्या हॉलमध्ये माझ्या आईचा फोटो भिंतीवर लावला होता. छातीपासून खाली कापलेला. खाली लिहिलं होतं, ‘ग्रामीण माया’.

कापणाऱ्या मॅडम आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. जाब्रियातल्या ज्या हॉस्पिटलात मी एक्सरे काढतो, तिथं त्या मोठ्या डॉक्टर. प्रदर्शनासाठी फोटो मी हौसेनं पाठवले होते. प्रिंट त्यांनी काढून घेतल्या. सगळ्याच बाया तशा कापलेल्या. नुसती तोंडं.

आमच्या गावच्या शाळेत आमच्या वस्तीची पोरं दुपारच्या खिचडीला वेगळी बसवतात. बाहेर, उन्हात. म्हणून या बाया पोरांची रिकामी ताटं घेऊन शाळेच्या गेटवर उभ्या राहिल्या. मी सुट्टीवर होतो, एकेकीचा फोटो काढला. प्रत्येक ताटावर पोराचं नाव, आडनावासकट. भांड्याच्या दुकानात कोरून देतात ना, तसं. आईनं माझ्या पुतणीचं ताट धरलेलं. मी म्हणालो, जरा खाली घे, तोंड झाकतंय. ती म्हणाली, “तोंड नाही आलं तरी चालंल. नाव आलं पाहिजे.” मग ताट छातीशी घेतलं.

मी मॅडमना विचारलं, ताटं का कापली? त्या हसून म्हणाल्या, “आडनावं वाचली की लोक जात काढत बसतात. इथं कशाला ती घाण? चेहरे बघा ना, किती गोड आलेत.”

घाण. माझ्या पुतणीचं नाव.

राग यायला हवा होता. नाही आला. सगळं बधिर. “हो मॅडम” म्हणालो आणि वडापावच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. खाल्लाही. चव कळली नाही.

शेजारी एक बाई आपल्या मुलीला आईचा फोटो दाखवत होत्या. बघ, गावाकडची माणसं कशी समाधानी असतात. मुलगी जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “नो मम्मा. शी इज अँग्री.”

परक्या पोरीला दिसलं. मी मात्र वडा खात होतो. थू माझ्यावर.

प्लेट ठेवली आणि फोटो उतरवायला लागलो. एकेक करून सगळे. मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, उद्या ड्युटीवर बोलू. म्हटलं, बोला.

नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवानाही जाईल, विमानात बसावं लागेल. बसेन. तिकडं पोरं अजून बाहेरच जेवतात. आता मी गेटबाहेरून फोटो काढत बसणार नाही. त्या बायांबरोबर आत शिरणार. आमची पोरं सगळ्यांच्या पंगतीत बसेपर्यंत तिथून हलणार नाही.